मासे वर येतायत, पण फ्लाय घेत नाहीत: मेफ्लायच्या हॅचमधली नेहमीची अडचण

एप्रिल संपत आला की माझा फोन एकाच तक्रारीसाठी वाजायला लागतो. कधी न्यू जर्सीतल्या एडिसनहून, कधी पार्सिपनीहून, एकदा तर थेट कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाकडून. ‘नदीभर किडे आहेत, समोर दहा-बारा मासे टिपून खातायत आणि माझ्या फ्लायकडे एकही ढुंकून बघत नाही. कुठली फ्लाय विकत घेऊ?’ (नवख्यांसाठी: फ्लाय म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेला खोटा किडा, हॅच म्हणजे एका जातीचे किडे नदीतून एकदम बाहेर पडतात ती वेळ, आणि मासे म्हणजे इथे ट्राउट.)

कुठलीच नको. निदान आज तरी नको. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, तसं फ्लायला दोष देणं सगळ्यात सोपं असतं. मी स्वतः चार मोसम तेच केलं. दर खेपेला दुकानातून तीन-तीन डॉलरच्या फ्लाय आणायच्या, डबी भरत जायची, हाताला काही लागायचं नाही. पुढे स्वतःचं आणि मित्रांचं हेच दुखणं इतक्यांदा निस्तरलं की आता तपासणीचा एक क्रमच बसून गेलाय. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, शिकायला वर्षं लागणारं सगळ्यात शेवटी.

माझा अनुभव अप्पर डेलावेअर आणि न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांतल्या बीव्हरकिल, विलोविमॉक या नद्यांवरचा. न्यू जर्सीतून अडीच-तीन तासांवर असल्यामुळे आपल्यातले बरेच जण तिथेच शिकतात. दुसरीकडे किड्यांची नावं आणि तारखा बदलतील, तपासणीचा क्रम बहुतेक हाच राहील.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते ठरवा. ‘मासे घेत नाहीत’ म्हणजे ‘गाडी चालत नाही’ म्हणण्यासारखं झालं.

क. मासा फ्लायच्या खाली येतो, तिच्याबरोबर फूटभर वाहतो आणि खाली वळतो.
ख. मासा फ्लायवर पाणी उडवतो, तुम्ही काठी उचलता, हाताला काहीच लागत नाही.
ग. फ्लायच्या डावी-उजवीकडचे किडे खाल्ले जातात, तुमची मधून सुखरूप निघून जाते.
घ. हवेत किड्यांचा ढग आहे, पाण्यावर एकही मासा नाही.
च. हॅचच्या तारखांच्या तक्त्यात आज हॅच आहे, नदीवर एक किडा दिसत नाही.
छ. पहिले दोन मासे लागले, मग सगळं एकदम शांत.

आधी थोडं किड्याविषयी

मेफ्लाय आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ नदीच्या तळाशी, दगडांखाली आणि गाळात काढते. बऱ्याच जातींत हा काळ वर्षभराचा असतो. या रूपाला निंफ म्हणतात. दिवस भरले की निंफ वर येते, पृष्ठभागाशी कात फोडते आणि पंख ओढून बाहेर काढते. अर्धी कातीत, अर्धी बाहेर, अशी अडकलेली असते तेव्हा ती इमर्जर. पूर्ण बाहेर पडून, शिडाच्या होडीसारखे पंख उभे करून वाहत जाते ती डन. डनचे पंख दुधी, धुरकट असतात. ती उडून झाडावर जाते आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकते. उडते पंख फुटल्यावरही कात टाकणारा कीटकांमधला हा एकच गट. आता पंख काचेसारखे स्वच्छ, शेपट्या लांब. ही स्पिनर, हिचा फिरकी गोलंदाजीशी संबंध नाही. प्रौढ मेफ्लायचं तोंड निकामी असतं, ती काही खात नाही. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जोडी जमवायची, मादीने पाण्यात अंडी टाकायची आणि पंख पसरून पाण्यावर मरून पडायचं.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमून पंख गाळणारी वाळवी आठवते ना? तसंच हे. ठरल्या हवेला, एकदम, हजारांनी.

थोडक्यात, हॅच चालू असताना माशाच्या ताटात चार पदार्थ असतात आणि मासा बहुधा एकाच पदार्थावर बसलेला असतो. श्रीखंड समोर असताना कोशिंबिरीला हात न लावणारे पाहुणे आपण पाहिलेत.

१. दहा मिनिटं काहीच करू नका

खर्च शून्य, आणि तरीही हीच तपासणी लोकांना सगळ्यात जड जाते. अडीच तास गाडी हाकून आलेला माणूस दोरी टाकल्याशिवाय राहत नाही. राहा. काठी काखेत धरा आणि एकच मासा निवडा.

तो वर आल्यावर पाण्यावर बुडबुडा राहतो का बघा. राहत असेल तर त्याने पृष्ठभागावरची वस्तू हवेसकट गिळली, म्हणजे डन किंवा स्पिनर. बुडबुडा नाही, नुसती पाठ आणि शेपटीचं टोक दिसतं, तर तोंड पाण्याखालीच आहे आणि तो इमर्जर खातोय. या दुसऱ्या प्रकारात लोक तासन् तास कोरडी, उंच तरंगणारी फ्लाय टाकत बसतात. लक्षण ‘ग’ बहुतेक वेळा इथूनच येतं. संध्याकाळी पावसाचा थेंब पडावा एवढंच हळुवार वर्तुळ उठत असेल तर स्पिनर समजा. मेलेला किडा कुठे पळून जाणार नाही हे माशाला माहीत असतं, तो घाई करत नाही. आणि खळकन पाणी उडत असेल तर कदाचित मेफ्लायच नाही, कॅडिस नावाचा दुसरा किडा असेल. कॅडिसचे पंख बसल्यावर कौलारू छपरासारखे दोन्हीकडे उतरते असतात. मेफ्लायचं शीड उभं असतं. एवढा फरक वीस फुटांवरून कळतो.

आता एका डनवर नजर लावा आणि ती वाहत माशावरून जाईपर्यंत सोडू नका. अशा पाच-सहा डन त्याच्यावरून गेल्या आणि एकही खाल्ली गेली नाही, तर तुमची डनची फ्लाय कितीही सुबक असो, ती सातवी ठरणार.

हवाही बघा. थंड, ढगाळ, भुरभुर पावसाच्या दिवशी डनचे पंख वाळायला वेळ लागतो. ती पाण्यावर जास्त अंतर वाहते आणि मासे तिला निवांत खातात. कोरड्या उन्हात ती क्षणात उडून जाते, मग माशांचं लक्ष अडकलेल्या इमर्जरवर. म्हणून भुरभुर पावसात नदीवर कुणी दिसला तर त्याला वेडा म्हणू नका. बहुतेक तो जुना गडी असतो.

२. तुमचे पाय

लक्षण ‘छ’ असेल तर इथेच थांबा. संथ डोहात तुम्ही एक पाऊल टाकलंत की त्याची लाट चाळीस फूट जाते. मासे पळून जात नाहीत, नुसते खाणं थांबवतात. आपल्याला वाटतं हॅच संपली.

बगळ्यासारखं चाला. तीन पावलं, थांबा, पाणी शांत होऊ द्या. वाळवंटात बसून लहानपणी वाशिष्ठीवर गरवायला शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. पण अंगावर साडेतीनशे डॉलरचे वेडर्स (पाण्यात उतरायचे जलरोधक कपडे) चढले की माणूस रेड्यासारखा पाण्यात घुसतो. मीही घुसायचो.

३. थर्मामीटर आणि घड्याळ

दहा-पंधरा डॉलरचा दोरीचा थर्मामीटर घ्या. फ्लायच्या डबीआधी घ्या, असं म्हणेन. लक्षण ‘च’चं उत्तर जवळजवळ कायम इथे असतं.

तक्ते तारीख सांगतात, किडे पाण्याचं तापमान पाळतात. हेन्ड्रिक्सन ही वसंतातली पहिली मोठी हॅच. इथे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास पाणी ५० अंश फॅरनहाइट ओलांडू लागलं की दुपारी दोन-तीनच्या सुमारास ती सुरू होते. (१९१६ मध्ये रॉय स्टीनरॉड यांनी या किड्यासाठी बांधलेल्या फ्लायला मित्र ए. ई. हेन्ड्रिक्सन यांचं नाव दिलं, आणि पुढे तेच किड्यालाही चिकटलं.) सकाळी आठला पोचून अकरापर्यंत ‘काहीच नाही’ म्हणून परत निघालेली माणसं मला रस्त्यात भेटलीयत. जेवून आला असतात तरी चाललं असतं.

दुसरी मेख धरणांची. डेलावेअरच्या वेस्ट ब्रँचवर कॅननस्विल आणि ईस्ट ब्रँचवर पेपॅक्टन हे न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणारे जलाशय आहेत. दोन्ही फाटे हॅनकॉकला एकत्र येतात. धरणाच्या तळातून सुटणारं पाणी थंडगार, त्यामुळे धरणाखालच्या पट्ट्यात सगळं उशिरा चालतं. बीव्हरकिलवर हेन्ड्रिक्सन संपत आलेली असताना वेस्ट ब्रँचवर ती ऐन भरात असू शकते. पिवळसर सल्फर ही छोटी मेफ्लाय इतरत्र मे-जूनच्या संध्याकाळी येते, तीच वेस्ट ब्रँचच्या वरच्या भागात जुलै-ऑगस्टच्या दुपारीही भेटते. तेव्हा एका नदीचा तक्ता दुसऱ्या नदीला लावू नका. एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या टोकालाही एकच तक्ता चालत नाही.

लक्षण ‘घ’, म्हणजे हवेत ढग आणि पाणी शांत, याला दोष म्हणायचं कारणच नाही. झाडांच्या उंचीवर वर-खाली नाचणारा तो ढग स्पिनरचा आहे, ते अजून पाण्यावर यायचेत. वारा असेल तर येणारही नाहीत, परत झाडीत जातील. वारा पडेपर्यंत थांबा, बहुतेकदा अंधार पडता पडता. उन्हाळ्यातल्या ट्रायको या चिमुकल्या मेफ्लायचा खेळ उलटा. तिचे स्पिनर सकाळी पडतात, ऊन तापलं की आटोपलं. उशिरा उठणाऱ्याला त्या दिसतच नाहीत.

४. एक किडा हातात घ्या

माशांच्या टाकीसाठी मिळते ती छोटी जाळी दोन-तीन डॉलरला येते. ती प्रवाहात धरा आणि जाळीत काय आलं ते बघा. हवेत उडणारा किडा पकडून उपयोग नाही, तो माशाच्या तोंडातून सुटलेला आहे.

आधी आकार, मग अवस्था, मग रंग, याच क्रमाने बघा. रंग बघायचा तर पोटाचा. आपण किडा वरून बघतो, मासा खालून. पाठ तपकिरी आणि पोट फिकट पिवळं असा किडा पुष्कळदा निघतो आणि आपण तपकिरी फ्लाय बांधून बसतो.

या तपासणीत सापडणारा सगळ्यात खोडसाळ प्रकार म्हणजे मोठ्याच्या आड लपलेला छोटा. मेच्या शेवटी मार्च ब्राउन नावाची धिप्पाड मेफ्लाय अधूनमधून तरंगत येते. डोळ्यांत भरते. आपण १२ नंबरची फ्लाय बांधतो. मासे मात्र त्याच पाण्यात शेकड्यांनी वाहणारे १६ किंवा १८ नंबरचे सल्फर खात असतात. (गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, नवख्यांनी लक्षात ठेवावं.) मी एकदा पूर्ण संध्याकाळ ग्रीन ड्रेकच्या मागे घालवली. इथली ही राजेशाही मेफ्लाय, हिच्या पांढुरक्या स्पिनरला इकडे ‘कॉफिन फ्लाय’ म्हणजे शवपेटीची माशी म्हणतात. परत निघताना जाळी पाण्यात धरली तर आत नखाएवढे तांबूस स्पिनर खच्चून भरलेले. दोन-तीन डॉलरच्या जाळीने जे दुपारी सांगितलं असतं ते मी रात्री नऊला ऐकलं.

तांबूस म्हटलं म्हणून सांगतो. रस्टी स्पिनर, गंजाच्या रंगाचा, पसरल्या पंखांचा. १४ पासून १८ नंबरपर्यंत तीन आकारांत ही एक फ्लाय जवळ असली की संध्याकाळच्या बऱ्याचशा स्पिनरांचं काम भागतं, कारण डन असताना वेगवेगळ्या रंगांच्या कितीतरी जाती स्पिनर झाल्यावर याच छटेला येतात.

५. फ्लाय आणि गळाचं टोक

एक मासा लागला की फ्लाय चिकट होते, पिसं मिटतात, ती एका कुशीवर तरंगते. पाण्यात खळबळून धुवा, रुमालात दाबा, कोरडी करायच्या पांढऱ्या पुडीत हलवा. दोन मासे लागून सगळं बंद, त्याचं हे दुसरं कारण.

लक्षण ‘ख’ असेल तर गळाचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर बोथट आहे. मागच्या दगडावर आपटून टोक गेलं असेल आणि तुम्ही तासभर बिनटोकाचा गळ नाचवत असाल, हे अगदी शक्य आहे. टोक ठीक असेल तर दोष तुमच्या घाईत. मोठा मासा सावकाश तोंड उघडतो, घेतो, मिटतो, वळतो. तुम्ही तोंड उघडल्याबरोबर काठी उचलता. मी मनात ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणतो आणि मग उचलतो. मंगलमूर्तीपर्यंत थांबू नका, तेवढ्यात तो थुंकून टाकतो.

६. ड्रॅग, म्हणजे दोरीची ओढ

मुख्य दोष इथे आहे. लक्षण ‘क’ घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार हाच निघतो, आणि जवळजवळ सगळे म्हणतात, ‘नाही हो, माझी फ्लाय अगदी छान वाहते.’

नदीचं पाणी एका वेगाने वाहत नाही. तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये वेगवेगळ्या वेगाच्या पाच-सात पट्ट्या असतात आणि तुमची दोरी त्या सगळ्यांवर आडवी पडलेली असते. मधली पट्टी वेगवान असेल तर ती दोरीचा धनुष्यासारखा बाक करते आणि फ्लाय ओढली जाते. खरी मेफ्लाय कशालाच बांधलेली नसते. फ्लाय इंचभर आडवी सरकली तरी माशाच्या दृष्टीने तो किडा राहत नाही. मागे रेघ ओढत जाणारी ओढ आपल्याला दिसते. ही सूक्ष्म ओढ तीस फुटांवरून दिसत नाही.

तिची चाचणी फुकट आहे. पाण्यावर फेसाची रेघ असते, किडेही तिथेच जमतात. तुमची फ्लाय एखाद्या बुडबुड्याच्या शेजारी पडली की दोघांकडे एकदम बघा. माशापर्यंत दोघं जोडीने गेले तर ठीक. त्यांच्यातलं अंतर वाढलं किंवा कमी झालं, तर ओढ आहे. एवढी चाचणी दाखवल्यावर माझ्या एका मित्राचा चेहरा असा झाला की जणू पगारातली चूक सापडली.

उपाय, सोप्याकडून अवघडाकडे:

जागा बदला. दोन पावलं पुढे किंवा वर सरकून मधल्या एक-दोन पट्ट्या टाळता आल्या तर दोरी टाकण्याची कुठलीच कला लागत नाही. (पावलं बगळ्याची.)

जवळ जा. साठ फूट दोरी फेकण्यात मर्दुमकी असेल, पण साठ फूट दोरीला साठ फुटांची ओढ लागते. मी शक्यतो पस्तीस फुटांच्या आत येतो.

माशाच्या वरच्या अंगाला जा आणि तिरकं खाली टाका. डेलावेअरच्या मोठ्या, सपाट डोहांवर ही सर्वसाधारण पद्धत आहे. दोरी हवेत असतानाच काठीचं टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूला कलवा, म्हणजे दोरी वर पडते आणि फ्लाय पुढे. मग टोक हलकं हलवत दोरीत झोळ सोडत राहा. माशाला आधी फ्लाय दिसते, धागा नंतर. चुकलात तर दोरी त्याच्यावरून ओढू नका. फ्लाय त्याच्या मागे गेल्यावर काठी बाजूला झुकवून अलगद काढून घ्या.

नेमही लागतो. भरगच्च हॅचमध्ये मासा पृष्ठभागाला अगदी लागून असतो. जितका वर, तितकी त्याची बाहेर बघायची खिडकी लहान. त्यात अन्न सरळ तोंडात येतंय, तो शेजारच्या पट्टीत कशाला जाईल? फ्लाय त्याच्या नाकाच्या रेषेत काही इंचांच्या आत हवी. शिवाय त्याच्या वर येण्याला बऱ्याचदा ताल असतो. तो मोजा. नुकताच गिळून खाली गेलेल्या माशावरून फ्लाय नेणं म्हणजे घास तोंडात असलेल्या माणसाला वाढायला जाणं.

७. टिपेट

टोकाचा बारीक धागा. पाच-सहा डॉलरची रीळ. याच्या नंबराचं गणित सोपं आहे, ११ मधून नंबर वजा करा, उरेल तितके हजारांश इंच जाडी. म्हणजे ५ एक्स सहा हजारांश इंच, ६ एक्स पाच.

लोकांना वाटतं मासा धागा बघतो म्हणून बारीक हवा. माझं मत थोडं वेगळं आहे. बारीक आणि विशेषतः लांब टिपेट लवचीक असतं, ते पाण्यावर वेटोळी घेत पडतं आणि ती वेटोळी उलगडेपर्यंत फ्लाय मोकळी वाहते. थोडक्यात, टिपेट हा ओढीवरचाच इलाज. म्हणून आधी लांबी वाढवा, दोन फुटांचं चार फूट करा, आणि मगच जाडी कमी करा. १४ नंबरच्या हेन्ड्रिक्सनला ७ एक्स लावून मासा दमवत बसणं मला पटत नाही. थकून अर्धमेला झालेला मासा सोडून काय उपयोग?

८. आता फ्लाय बदला

इथवर सगळं तपासलंत, मासा अजून खातोय, ओढ नाही, नेम बरोबर आहे. आता डबी उघडायला हरकत नाही. विकत घेण्याआधी कात्री मात्र काढा. जवळच्या डनच्या फ्लायची खालची पिसं सपाट कापा. ती उंच उभी राहण्याऐवजी पाण्यात टेकून बसते आणि अर्धवट अडकलेल्या किड्यासारखी दिसते. या एका कापण्याने मला जितके मासे दिले तितके निम्म्या डबीने दिले नाहीत.

त्याने भागलं नाही तर एक नंबर लहान. मग इमर्जर. मग स्पिनर. एका फ्लायला चार-पाच चांगल्या, बिनओढीच्या फेऱ्या द्या. वाईट फेऱ्या मोजायच्या नाहीत. रंग सगळ्यात शेवटी.

आणि तरीही नाहीच घेतली, तर त्या माशाला नमस्कार करून पुढच्याकडे जा. काही मासे त्या दिवशी तुमच्यासाठी नसतात. एका माशापायी मी आख्खी हेन्ड्रिक्सन हॅच घालवलीय, पन्नास पावलांवर दुसरे सहा खात होते.

इथे थांबा

पाणी ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, झालं की दोरी गुंडाळा. दुरुस्ती वगैरे काही नाही. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यात झुंजलेला ट्राउट तुमच्या हातून व्यवस्थित पोहत जातो आणि नंतर मरतो. उन्हाळ्यात बीव्हरकिलचा खालचा भाग सहज इतका तापतो. धरणाखालच्या थंड पट्ट्यात जा किंवा घरी जा. आई फोनवर अजून विचारते, खायचा नाही तर पकडतोस कशाला? तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण सोडणार म्हणून पकडायचा आणि मरायला सोडायचा, हे मलाही पटत नाही.

गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर. हातात नऊ फुटांची ग्रॅफाइटची काठी आहे आणि ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे. पुढचा मासा वर येताना बघू म्हणून थांबू नका.

पाणी चढताना दिसलं तरी बाहेर. मघाशी बुडालेला नव्हता तो दगड बुडाला, फेसात पानं-काटक्या वाढल्या, की समजा वरून पाणी सोडलंय किंवा डोंगरात पाऊस झालाय. या नद्यांचा विसर्ग आपल्या सोयीने ठरत नाही. १९५४ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानुसार खाली माँटेग्यूला सेकंदाला १,७५० घनफूट प्रवाहाचं लक्ष्य राखण्यासाठी शहराच्या जलाशयांतून पाणी सोडावं लागतं. खाली कोरडं पडलं की वर पाणी सुटतं, तुम्ही भर पात्रात का असेना. निघण्याआधी सरकारी प्रवाहमापकाचे आकडे मोबाईलवर बघा. वेस्ट ब्रँचला हेल एडीचा आकडा हजाराच्या वर असेल तर मी पाण्यात उतरत नाही. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे, तुमचा आकडा तुम्ही ठरवा. वेडर्सचा कमरेचा पट्टा मात्र घट्ट हवाच.

माणूस कधी बोलवायचा

वरचं सगळं तीन वेगवेगळ्या दिवशी करून पाहिलंत आणि तरी बुडबुड्याच्या चाचणीत नापास होताय, तर तो दोष वाचून जाणार नाही. मनगट स्वतःला दिसत नाही. आधी दोरी टाकायला शिकवणाऱ्याकडे एक तास घ्या, हिरवळीवर, नदीशिवाय. ते स्वस्त पडतं, आणि मासे समोर नसल्यामुळे तुम्ही त्याचं ऐकता.

त्यानंतर गाईड. न्यूयॉर्क राज्यात गाईडकडे राज्याचा परवाना लागतो, तो विचारून घ्या. होडीचा दिवस काहीशे डॉलरना पडतो, दोघांत वाटून घेता येतो. पाणी चढं असेल, नदी नवी असेल, किंवा मोठ्या डोहांवर पायी पोचताच येत नसेल, तर सरळ गाईडच घ्या. उगाच पोहत परत येऊ नका. होडीत बसल्या बसल्या त्याला सांगा की मला मासे नकोत, माझी चूक सांगा. नाहीतर तो बिचारा तुम्हाला मासा लागावा म्हणून दिवसभर होडी अशी लावेल की तुमची चूक लपून जाईल.

फोन करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा. किती वाजता गेला होतात, कुठल्या पट्ट्यात, जाळीत काय सापडलं, आणि मासा वर आल्यावर बुडबुडा राहत होता की नाही. पाचवी गोष्ट गाईड स्वतःच विचारेल, माझ्या गाईडने नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारली होती. पाण्याचं तापमान किती होतं?